‘बाटले’ लिहू नका म्हणाल्या बाई. मग काय लिहायचं?

सुरसागरकाठी (धागाकर्ता), रविवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमचा बडोद्याच्या दांडिया बाजारात एक छोटा वाचनकट्टा आहे. दहा-बारा डोकी, महिन्यातून एक पुस्तक, चहा आणि वाद. त्याचं चार पानी झेरॉक्स पत्रक मी काढतो. मागच्या महिन्यात ‘स्मृतिचित्रे’ घेतलं होतं, म्हणजे कवी ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र. वृत्तांतात मी एक वाक्य लिहिलं: “१८९५ साली टिळक बाटले आणि लक्ष्मीबाईंचा संसार उधळला.” लिहिताना क्षणभरही अडखळलो नाही. पत्रक वाटून झालं.

आज कट्ट्यावर एक बाई आल्या, निवृत्त शिक्षिका. ख्रिस्ती आहेत, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांचं मराठी चोख आहे. काही न बोलता माझंच पत्रक त्यांनी माझ्या हातात ठेवलं. ‘बाटले’भोवती लाल शाईचा गोल, समासात नुसतं प्रश्नचिन्ह. खाली एका ‘आणि’चा मी दीर्घ केलेला ‘णी’ पण सुधारला होता. म्हणाल्या, “तुमच्या मनात काही नव्हतं हे मला माहीत आहे. पण तीस वर्षं वर्गात पोरांच्या तोंडून हा शब्द ऐकला. तुमच्या हातचा छापलेला बघायला नको होता.”

खरं सांगायचं तर हा शब्द माझ्या आजीच्या तोंडचा. मला तो जुना, साधा मराठी शब्द वाटायचा, ‘परसाकडे’ किंवा ‘फडताळ’ म्हणावं तसा. आता वाक्य परत लिहायचंय. काय लिहू? आणि असे आणखी कुठले शब्द आहेत, जे आपण ख्रिस्ती धर्माबद्दल बोलताना सहज वापरतो आणि समोरच्याला टोचतात? राजकारण नको, कृपया.

चहाटळ, ९:५२

पहिला! सेव-उसळ मागवली आहे, तर्री जास्त. चालू द्या.

खडूस_आजोबा, १०:०५

शब्द कोशात आहे. टिळकांच्या काळी सगळा महाराष्ट्र हाच शब्द वापरत होता. इतिहासाबद्दल लिहिताना इतिहासाचा शब्द वापरला तर बिघडलं काय? उद्या ‘विधवा’ नको म्हणतील, परवा ‘म्हातारा’ नको म्हणतील. (त्याला माझी हरकत नाही.) हे सगळं नवं पुरोगामी पाखंड आहे.

फत्तेगंजची_लेक, १०:३१

सुरसागरकाका, आधी गंमत सांगते. तुम्ही ‘नमस्कार मंडळी’ लिहिलंत आणि मी दचकले. आमच्याकडे ‘मंडळी’ म्हणजे चर्च. इमारत नव्हे, माणसं. “तुमची मंडळी कुठली?” याचं उत्तर “बायको माहेरी गेली आहे” असं नसतं.

आता मुद्दा. आजोबा, कोशात शब्द आहे हे खरं, पण कोशात त्याचा अर्थही दिलेला असतो. बाट म्हणजे विटाळ. भांडं बाटतं, सोवळं बाटतं, विहीर बाटते. म्हणजे एक माणूस ख्रिस्ती झाला एवढंच तुम्ही सांगत नाही, तो घाण झाला असंही त्याच शब्दात सांगून जाता. वेगळी शिवी द्यावी लागत नाही.

मी चौथीत होते. मधल्या सुट्टीत डबा उघडला, मेथीचे ठेपले. शेजारची मुलगी, माझी चांगली मैत्रीण, हात पुढे करून थांबली आणि म्हणाली, “तू बाटगी ना? आई विचारत होती.” तिला अर्थ माहीत नव्हता, मलाही नव्हता. घरी येऊन पप्पांना विचारलं, “आपण बाटगे आहोत का?” पप्पा दाढी करत होते. तोंडाला फेस. ते आरशातूनच म्हणाले, “नाही. आपण नगरचे.” बस, एवढंच. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्यांनाही दुसरं उत्तर सुचलं नव्हतं.

माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, नगर जिल्ह्यात. आजोबा नोकरीच्या मागे बडोद्याला आले. मी जन्मापासून ख्रिस्ती. तरी माझी ओळख करून देताना लोक ‘कन्व्हर्टेड’ म्हणतात. चौथ्या पिढीला? मग तुमच्या घराला ‘स्थलांतरित’ म्हणावं का? गायकवाडांबरोबरच आलात ना सगळे!

पाणीगेटचा_पाटील, १०:४४

गुजरातीतही तसंच आहे. ‘वटलायेला’ म्हणतात, आणि पेपरात ‘वटाळप्रवृत्ति’ येतं. कानाला तरी हा आपल्या विटाळाचाच भाऊबंद वाटतो. आपण बडोदेकर दोन भाषांत टोचून घेतो.

केळीचं_पान, १०:५८

वसईकर कॅथलिक, नोकरीमुळे सध्या मकरपुऱ्यात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट सांगतो. पोर्तुगीज पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत ते पाणी प्यायलं, पाद्री म्हणाले झालात ख्रिस्ती, आणि बाकीचं गाव म्हणालं, बाटलात, आता परत येऊ नका. खरं-खोटं सोडा. त्या गोष्टीत ‘बाटणं’ कसं होतं ते बघा. त्याला विचार लागत नाही, श्रद्धा लागत नाही, पाणी पुरतं. डोक्यात काहीच घडत नाही, घडतं ते पोटात.

आता टिळक. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत, मुंबईत. मधला सगळा काळ वाचन, पत्रव्यवहार, तगमग. संसार पणाला लागणार हे दिसत असताना घेतलेला निर्णय. त्याला ‘बाटले’ म्हणणं दुखावणारं आहेच, पण त्याआधी ते चूक आहे. त्यांनी कुठल्या विहिरीचं पाणी नकळत प्यायलं नव्हतं.

खडूस_आजोबा, ११:०६

हा मुद्दा मान्य. दुखावलं-बिखावलं मला कळत नाही, पण चूक असेल तर चूक. मग ‘धर्मांतर केले’ लिहा.

निळी_शाई, ११:२०

आजोबा, धर्मांतर शब्दाला आमच्याकडे मान आहे. १९५६ ची नागपूरची दीक्षा आम्ही अभिमानाने धर्मांतर म्हणतो, तारीख लक्षात ठेवतो. पण फत्तेगंजताई म्हणतात ते शंभर टक्के. आम्हाला अजून ‘नवबौद्ध’ म्हणतात. साठ-सत्तर वर्षं झाली, ‘नव’ काही जुनं होत नाही. लोकांची ‘नवी मुंबई’ जुनी झाली पण आम्ही नवेच.

एखाद्या घटनेला धर्मांतर म्हणा. माणसाच्या कपाळावर ते कायमचं डकवू नका.

चहाटळ, ११:२६

परवा सेव-उसळीवर चीज घातलेलं पाहिलं. तिला तरी ‘बाटली’ म्हणायची परवानगी असावी.

पाणीगेटचा_पाटील, ११:२९

गुजरातेत ‘बाटली’ शब्द जपून वापरा. परमिट लागतं.

राजवाड्यामागे, सोमवार सकाळी ७:१५

इंदूरहून. पोहे खाता खाता लिहितोय. आमच्याकडे मराठी माणसाची वेगळीच गोची होते, कारण आम्ही हिंदीत विचार करून मराठीत बोलतो, किंवा उलट.

एक: हिंदीत सगळे ‘ईसाई’ म्हणतात. माझे शेजारी प्रोटेस्टंट आहेत, ते स्वतःला ‘मसीही’ म्हणवतात. ‘ईसाई’ ही शिवी नाही, पण बाहेरच्यांनी दिलेलं नाव आहे असं त्यांना वाटतं. कॅथलिक मंडळींना (चर्च नव्हे, साधी मंडळी) मात्र ‘ईसा’ चालतो, त्यांच्या प्रार्थनेतच आहे. म्हणजे एका गल्लीत दोन नियम.

दोन: हा किस्सा याच शेजाऱ्यांचा. मूळचे सोलापूरचे. इथे नवीन असताना उपासनेत साक्ष द्यायला उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, “मुझे अपने विश्वास का अभिमान है.” पुढच्या बाकावरच्या आजी वळून बघायला लागल्या. हिंदीत अभिमान म्हणजे घमेंड! पाळकांनी नंतर समजावलं, “भैया, गर्व कहिए.” आता मराठी बायबल उघडलं तर गर्व हेच पाप. माणूस घरी येऊन म्हणाला, “अभिमान धरला तर इथे पाप, गर्व केला तर तिकडे पाप. मी आता नुसता आनंद व्यक्त करतो.”

पंढरीची_वाट, ८:४०

दुसऱ्या बाजूने लिहू का? माहेर वारकरी, सासर बडोदे. टोचणारे शब्द एकाच दिशेने जात नाहीत. लहानपणी आमच्या दारात एक पत्रक आलं होतं, त्यात ‘अंधारात चाचपडणारे मूर्तिपूजक’ असं लिहिलं होतं. आजी तेव्हा विठोबाला तुळस वाहत होती. तिने मला मोठ्याने वाचायला सांगितलं, ऐकलं, आणि म्हणाली, “समईत तेल घाल गं, अंधार आहे म्हणतात.” तेव्हा हसलो. पण पंचवीस वर्षांनी मला ते वाक्य शब्दन्‌शब्द आठवतंय, याचा अर्थ काय तो घ्या.

आणि दुसरं. भजन, कीर्तन, प्रसाद, आश्रम, सद्गुरू हे शब्द ख्रिस्ती लोक वापरतात तेव्हा मला थोडं फसवल्यासारखं वाटतं. घर आमचं, पाटी तुमची.

फत्तेगंजची_लेक, ९:१०

ताई, पहिल्या मुद्द्याला माझी मान खाली. ‘अंधारातले लोक’, ‘अविश्वासणारे’, ‘जगिक’ हे शब्द आमच्या प्रार्थनासभांत अजून सर्रास फिरतात, आणि बोलणाऱ्याला कळतही नाही की दारात उभी असलेली कामवाली बाई ऐकतेय. समईचं वाक्य मी आमच्या पाळकांना सांगणार आहे.

दुसरा मुद्दा मात्र पटत नाही. टिळकांनी अभंग लिहिले ते काय वेषांतर करून? तुकोबा त्यांच्या तोंडातच होते. ‘तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो’ असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. त्यांनी ती भाषा टाकून कुठली आणायची होती, इंग्लंडातून? माझी आजी दळताना ओव्या म्हणायची, येशूच्या. जातं तेच, चाल तीच. ती कुणाला फसवत होती?

पंढरीची_वाट, ९:२२

आजीबद्दल नाही म्हणत मी. पण आजीची ओवी आणि छापील पत्रक यांत फरक आहे. यावर आपलं जमणार नाही, असू दे.

गिरनारी_पायरी, १०:०२

या वादात ख्रिस्ती लोकांचंही आपसात कधी जमलेलं नाही. दोन टोकं बघा.

एका टोकाला फादर थॉमस स्टीफन्स. इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आले, १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं. मराठी ओव्या, दहा हजारांहून जास्त. त्यात स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटलं आहे. ऐकणाऱ्याला आपलं वाटावं म्हणून.

दुसऱ्या टोकाला पंडिता रमाबाई. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते १९२४ साली, त्या गेल्यावर दोन वर्षांनी पुरं छापून आलं. त्यांचा कटाक्ष उलटा. साध्या बाईला कळेल असं मराठी हवं, आणि हिंदू धर्मकल्पना चिकटून येतील असे संस्कृत शब्द शक्यतो नकोत. गंमत ही की वैकुंठ म्हणणारा इंग्रज, आणि नको म्हणणारी शास्त्र्यांची मुलगी, जिला ‘पंडिता’ ही पदवी संस्कृतमुळेच मिळाली होती! ज्याला शब्दाचं वजन आतून माहीत असतं तोच तो उचलताना जास्त बिचकतो, असं माझं मत.

‘अवतार’ याच जातीचा. येशूला अवतार म्हटलं की हिंदू कानाला गोड लागतं, पण दहांतला एक असा अर्थ येतो. म्हणून तिकडे ‘देहधारण’ म्हणतात.

केळीचं_पान, १०:३५

आमच्याकडे बाप्तिस्म्याला ‘स्नानसंस्कार’ म्हणतात, फत्तेगंजताईंकडे ‘बाप्तिस्मा’. आमचे ‘धर्मगुरू’, त्यांचे ‘पाळक’. आमची ‘मिस्सा’, त्यांचं ‘प्रभुभोजन’. नुसता शब्द ऐकून कुणाचं बाक कुठल्या चर्चमध्ये आहे ते सांगता येतं.

आणि टोचायचं म्हणाल तर मला आयुष्यात सगळ्यांत जास्त टोचलेला प्रश्न हिंदू माणसाने विचारलेला नाही. एका ख्रिस्ती लग्नात, हातात आइस्क्रीमची वाटी असताना, एका मावशींनी विचारला: “तू कॅथलिक ना? मग तुझं तारण झालंय का?” वर “तुम्ही मरियेची पूजा करता ना” हे होतंच. मी म्हटलं, मावशी, आधी आइस्क्रीमचं तारण करू या, वितळतंय.

फत्तेगंजची_लेक, १०:४१

त्या मावशी आमच्याच असणार. माफी.

गिरनारी_पायरी, १०:५५

‘बाप्तिस्मा’वरून आठवलं. शब्दावरून संस्था फुटल्याचं उदाहरण. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याने श्रीरामपुरात (बंगालातलं, नगरचं नव्हे) मराठी छापायला सुरुवात केली: १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान, १८११ मध्ये नवा करार. तो बॅप्टिस्ट. त्यांच्या मते बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पुरतं बुडवणं, डोक्यावर शिंपडणं नव्हे. त्यामुळे त्याच्या पठडीतल्या मंडळींनी बंगाली बायबलात ‘बुडवणे’ अशा अर्थाचाच शब्द ठेवला. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी म्हणाली, ग्रीक शब्द आहे तसा ठेवा, नाहीतर पैसे नाहीत. बॅप्टिस्ट हटले नाहीत. १८४० मध्ये त्यांनी वेगळी भाषांतर संस्था काढली. भाषांतर न करता तसाच ठेवलेला शब्द कधीकधी भांडण मिटवण्याचा करार असतो.

खडूस_आजोबा, ११:१०

ज्ञानात भर पडली. पण हे परुशी लोकच दिसतात सगळे, एकेका अक्षराचा कीस काढणारे!

शनिवारचं_तेल, ११:४८

आजोबा, बरं झालं तुम्हीच म्हणालात, मी किती वेळ वाट बघत होतो.

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. कोकणातून आलेलं घराणं, आधी अहमदाबाद, आता बडोदे. कोकणात आमच्या वाडवडिलांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण घाणा शनिवारी बंद. तेही दुसऱ्यांनी दिलेलं नाव, पण त्यात निदान विटाळ नाही, नुसता सुट्टीचा वार आहे. म्हणून तर आयडी तसा घेतलाय.

‘परुशी’ म्हणजे ढोंगी, असं तुम्ही (आणि मराठी ख्रिस्ती प्रवचनकार, आणि काही वेळा संपादकीयं) सहज म्हणता. पण परुशी हा यहुद्यांतला एक पंथ होता. जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर जो यहुदी धर्म टिकला, तो मुख्यतः त्यांच्या परंपरेतून. माझे आजोबा शब्बाथला जी प्रार्थना म्हणायचे ती त्या माळेतली. म्हणजे तुम्ही शिवी म्हणून जो शब्द वापरता तो माझ्या घराचा पत्ता आहे.

एक लॅटिन उदाहरण देतो. कॅथलिकांच्या उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी ‘पेर्फिदिस’ हे विशेषण होतं. विद्वान म्हणायचे, त्याचा मूळ अर्थ नुसता ‘विश्वास न ठेवणारे’. पण ऐकणाऱ्याच्या कानात तो ‘विश्वासघातकी’ असाच पडायचा. शतकानुशतकं. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये तो काढून टाकला. पुढे २८ ऑक्टोबर १९६५ ला व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा काढून सांगितलं, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. कोशातला अर्थ विद्वानांच्या बाजूने असूनही शब्द गेला, आजोबा.

खडूस_आजोबा, १२:०२

मग परुश्याला काय म्हणायचं?

शनिवारचं_तेल, १२:०४

परुशीच म्हणा. फक्त ढोंगी म्हणायचं असेल तेव्हा ढोंगी म्हणा.

खडूस_आजोबा, १२:०९

ठीक. शब्द मागे घेतो. ‘पाखंड’ मात्र राहू द्या, तो कुणाच्या घराचा पत्ता नाही.

गिरनारी_पायरी, १२:४०

आजोबा, आज तुमचा वार दिसत नाही.

गिरनारला जाताना, जुनागढ सोडल्यावर, वाटेत उजव्या हाताला एका बैठ्या इमारतीत मोठा धोंडा आहे. त्यावर अशोकाचे चौदा लेख आहेत. त्याच धोंड्यावर रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांचेही. गाईड लोक घाईत असतात, पण बाराव्या लेखापाशी थांबा. त्यात ‘सव पासंडानि’ असं आहे. राजा सगळ्या पासंडांचा मान करतो. पासंड म्हणजे तिथे नुसता ‘पंथ’. शिवी नाही, आपला-परका काही नाही. ब्राह्मण, श्रमण, सगळे पासंडच. तोच शब्द घसरत घसरत आपल्या ‘पाखंडा’पर्यंत आला.

आणि तो लेख कशाबद्दल आहे माहितीये? ‘वचिगुती’ म्हणजे वाणीचा संयम. आपल्या पंथाची उगाच स्तुती नको, दुसऱ्याच्या पंथाची उगाच निंदा नको, आणि प्रसंगच आला तर हलक्या हाताने. म्हणजे आपला अख्खा धागा त्या दगडावर आधीच आहे, आणि तो ज्या शब्दाने सांगितलाय त्याच शब्दाची आपण शिवी केली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच पायरीवर बसून राहिलो होतो. आयडीचं कारण तेच.

ख्रिस्ती बाजूलाही हीच घसरण आहे. ग्रीक ‘हैरेसिस’ म्हणजे निवड, मत, मतपंथ. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात २४ व्या अध्यायात पौल सुभेदारापुढे उभा राहून सांगतो की ज्या मार्गाला हे लोक तसं म्हणतात त्याच मार्गाने मी माझ्या पूर्वजांच्या देवाची भक्ती करतो. मराठी बायबलात तिथे ‘पाखंड’ आहे. म्हणजे सुरुवातीला पाखंडी कोण, तर हेच. नंतर त्यांनी तो शब्द दुसऱ्यांसाठी वापरला.

राजवाड्यामागे, १२:५५

‘ख्रिस्ती’ हे नावही तसंच ना? अंत्युखिया शहरात लोकांनी येशूच्या शिष्यांना दिलेलं. मेथडिस्ट हीसुद्धा ऑक्सफर्डच्या पोरांनी केलेली टिंगल होती, म्हणे सगळं वेळापत्रकाने करतात. टिंगल पचवून नाव केलं.

फत्तेगंजची_लेक, १:०३

मेथडिस्ट मीच. वेळापत्रक मात्र कधी पाळलं नाही.

कोठी_कचेरी, २:२०

वकील आहे, एवढंच लिहितो. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा ‘प्रसार’ करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये, मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या कायद्यांवरून गेलेल्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपली तत्त्वं सांगणं हा प्रसार, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क नाही. बरोबर-चूक यावर अजून वाद होतो. मराठीत मात्र क्रियापदच सांगून टाकतं: ‘झाला’, ‘केला’, ‘करवला’. बातम्या वाचताना बघा, माणूस ख्रिस्ती ‘झाला’ असं क्वचित असतं. त्याला कुणीतरी ‘केलेलं’ असतं. त्याचा स्वतःचा हात वाक्यातून गायब.

पंढरीची_वाट, २:४५

‘मिशनरी’ शब्दाची गंमत बघा. समाजसेवकाच्या सत्कारात ‘मिशनरी वृत्तीने काम केलं’ म्हणतात, आणि तोच वक्ता जेवताना ‘हे मिशनरी लोक’ म्हणून नाक मुरडतो.

संपादक, ३:३०

‘तांदळासाठी ख्रिस्ती झाले’ वगैरे लिहिणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषय राजकारणाकडे गेला तर धागा वाचनमात्र होईल.

चहाटळ, ३:३४

धागा बाटवू नका रे कुणी.

संपादक, ३:३५

चहाटळ, ताकीद क्र. १.

गिरनारी_पायरी, ४:१०

जाता जाता बडोद्याची आठवण. सयाजीरावांनी बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचं प्राध्यापकपद काढून ऑल्बन विजरी या इंग्रजाला बोलावलं होतं. आपल्या गावात हा विषय पगार देऊन शिकवला गेलाय. आपण फुकट करतोय एवढाच फरक.

सुरसागरकाठी (धागाकर्ता), पुढचा रविवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. आठवडाभर वाक्य फिरवत होतो. ‘धर्मांतर केले’ लिहून पाहिलं, पण ते सरकारी गॅझेटसारखं वाटलं. ‘ख्रिस्ती धर्म स्वीकारला’ म्हणजे कुणीतरी ताटात वाढला आणि यांनी घेतला असं वाटलं. शेवटी कोठी_कचेरींचं ऐकलं आणि तीन शब्द ठेवले: ‘टिळक ख्रिस्ती झाले’. सगळ्यांत साधं, आणि हात त्यांचा त्यांच्याकडे.

आज बाईंना नवीन पान दाखवलं: “१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार उधळला.”

त्यांनी वाचलं, ‘हं’ म्हणाल्या, पर्समधून तोच लाल पेन काढला आणि ‘उधळला’भोवती गोल केला.

मी म्हटलं, “बाई, आता हे काय?”

म्हणाल्या, “पुस्तक पुढे वाचलंत ना? ताटातूट झाली, हाल झाले, सगळं खरं. पण त्या स्वतः परत नांदायला गेल्या, मग आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळक गेले १९१९ साली. बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षं. तो काय संसार नव्हता? ज्या बाईने त्यांचं अर्धं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ काव्य पुरं केलं, तिचा संसार तुम्ही एका क्रियापदात उधळून टाकता?”

मी मागच्या रविवारी तेच वाक्य इथे जसंच्या तसं टाकलं होतं. वर जाऊन बघा.

फत्तेगंजची_लेक, ८:५८

अरे देवा. मीही वाचलं होतं. ‘बाटले’वरच अडकले.

केळीचं_पान, ९:०१

मीही. आणि मी तर लिहिलं, संसार पणाला लागला म्हणून!

खडूस_आजोबा, ९:१५

मला दिसलं होतं.

चहाटळ, ९:१६

मग बोलला का नाहीत?

खडूस_आजोबा, ९:२०

आधीच पाखंडी ठरलो होतो. बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना विचारा, कट्ट्यावर एक जागा आहे का. मी अलकापुरीतच राहतो.

सुरसागरकाठी (धागाकर्ता), ९:२४

आहे. पुढचं पुस्तक ठरायचंय. चहा आमचा, सेव-उसळ चहाटळची.